किलोमीटर नको, खेपा मोजा

अध्यक्ष, वाचनालयाची मंडळी, आणि एवढ्या उन्हात आलेले तुम्ही सगळे. पत्रिकेवर विषय छापलाय 'अतिदुर्गम सातपुडा : जीवन, आव्हाने आणि उपाय'. हा मथळा माझा नाही बरं का. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांबद्दल बोलीन, पुढची सजावट संस्थेची. पण आता छापलंच आहे तर आव्हानं येतील, उपायही येतील, उपायांसाठी मी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवलीयत, तुम्ही सगळे साक्षीला आहात.

आधी मी कोण ते सांगतो, कारण सातपुड्यावर बोलायला साधारण डॉक्टर येतात, कार्यकर्ते येतात, नाहीतर पक्षी बघणारे येतात. मी वजनमापांचा माणूस. निरीक्षक होतो, आता रिटायर. लोकांना आमचं काम म्हणजे पेट्रोल पंपावर जाऊन पाच लिटरचं माप भरणं एवढंच माहीत असतं. पण वाण्याच्या काट्यापासून सोनाराच्या तराजूपर्यंत, दूध मोजायच्या मापापासून कापड दुकानातल्या मीटरपर्यंत, ज्यानं ज्यानं काही मोजून पैसे घेतले जातात त्या सगळ्यावर आमचा शिक्का लागतो. लोखंडी वजन उलटं करून बघा कधी, खाली एक खड्डा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं, त्या शिशावर ठोकलेली बारीक खूण म्हणजे आम्ही. लोखंडी वजनाला दर दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी. तुमच्या भाजीवाल्याकडे ती खूण आहे का बघितलंय कुणी? नाही ना. नाशिकसारख्या शहरातली ही गत, मग धडगावच्या बाजारात काय असेल त्याचा विचार करा.

आता धडगाव. नकाशा मनात आणा. तापीच्या सपाटीवर शहादा, तळोदा, तिथं केळी, ऊस, पपई, सगळं हिरवंगार. तिथून उत्तरेला बघितलं की एकदम भिंत उभी राहते, तो सातपुडा. घाट चढलात की वर अक्राणीचं पठार, धडगाव त्याच पठारावर, तालुक्याचं सरकारी नाव अक्राणी. पठार ओलांडून आणखी उत्तरेला गेलात की जमीन धाडकन खाली उतरते ती थेट नर्मदेत. पलीकडे मध्य प्रदेश, थोडं पश्चिमेला सरकलं की गुजरात. आपल्या राज्याच्या वाट्याला नर्मदेचा फक्त ५४ किलोमीटरचा काठ आला, आणि तोही सरदार सरोवराच्या पाण्यानं गिळला, आपल्याकडची ३३ गावं त्या बुडितात आली. त्यातलं मणिबेली म्हणजे राज्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र, अक्कलकुवा मतदारसंघ क्रमांक एक आणि त्यातलं केंद्र क्रमांक एक. महाराष्ट्र मोजायला सुरुवात होते तिथून, पण पोचायची वेळ आली की तेच सगळ्यात शेवटी.

हा सगळा भाग कर्कवृत्ताच्या खाली, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे उष्ण कटिबंध. आणि तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर, अस्तंबा सव्वातेराशेच्या घरात. त्यामुळे मे महिन्यात खाली शहाद्याला माणूस भाजून निघतो आणि वर रात्री गोधडी लागते. अक्कलकुव्याच्या डोंगरात डाब नावाचं गाव आहे, तिथं जानेवारीत काही पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं, आणि त्याच डाबला लोक स्ट्रॉबेरी लावतात. महाबळेश्वरवाल्यांना सांगू नका. अस्तंब्याचं तर तुम्हाला माहीतच असेल, अश्वत्थामा तिथं डोक्याच्या जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात, दिवाळीत यात्रा भरते, पोरं रात्रभर डोंगर चढतात. मी एकदा जाणार होतो, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

तर गाव. आपण गाव म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, वेस, पार, देऊळ, गल्ल्या, एकाला एक लागून घरं. ते विसरा. तिकडं गाव म्हणजे पाच-सात पाडे, आणि पाडा म्हणजे डोंगराच्या सोंडेवर लांब लांब सुटी घरं, प्रत्येक घर आपापल्या शेतात. शेजारी म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, पण चालत जायचं तर मधे नाला उतरा आणि चढा. महसुली नकाशावर एका गावाचा एकच ठिपका असतो. त्या ठिपक्यावर शाळा असते, ग्रामपंचायतीची खोली असते, झालंच तर अंगणवाडी. ठिपक्यापासून शेवटचं घर तासाभराच्या चालीवर. कागदावर मात्र 'गावात शाळा उपलब्ध', टिकमार्क.

घरं मोठी असतात, हे लोकांना खरं वाटत नाही. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यावर माती-शेणाचा लेप, वर कौलं. आत एका बाजूला गुरं, शेळ्या, दुसऱ्या बाजूला माणसं, मधे धान्याच्या बांबूच्या मोठाल्या कणग्या. पावरा आणि भिल्ल, बहुतेक सगळा तालुका आदिवासी. जेवण म्हणजे मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ, आणि ती डाळ, काय सांगू भाऊ, मी जळगावचा माणूस, वरणबट्टीवर वाढलेला, तरी सांगतो, तशी डाळ खाली मिळत नाही. आमच्या घरी हे वाक्य बोलायची सोय नाही. (हशा)

पाऊस धो धो पडतो आणि धो धो निघून जातो. काळा पाषाण, त्यात उतार, पाणी थांबणार कुठं? मार्च उजाडला की बाया नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरतात, काही पाड्यांवर गाढवाच्या पाठीवर कॅन लादून पाणी वर चढवतात. आणि खाली दरीत बघितलं तर नर्मदेचं अथांग पाणी तुंबलेलं. यावर मी वेगळं काही बोलत नाही, बोललो तर व्याख्यान तिकडंच जाईल.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, बाजार. धडगावचा बाजार, मोलगीचा बाजार. बाजाराच्या दिवशी पाड्यावरून माणसं कोंबडा आरवायच्या आधी निघतात. बायांच्या डोक्यावर टोपली, पुरुषाच्या खांद्यावर काठी, काठीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या, मागं दोरीला बकरं. नाला ओलांडून जीपच्या रस्त्याला लागायचं, जीप म्हणजे आत कोंबलेली, मागं लटकलेली आणि टपावर बसलेली अशी तीन मजली. बाजारात काय होत नाही ते विचारा. मीठ-तेल-मिरची-कांदा, सुके बोंबील, साबण हे तर आहेच, पण लेकीची विचारपूस तिथं होते, सोयरिक तिथं जमते, कोण सुरतेकडं ऊस तोडायला गेला आणि अजून आला नाही ते तिथं कळतं, मुकादम उचल तिथं वाटतो. दिवाळीनंतर अर्धा पाडा गुजरातेत असतो, बारडोलीकडं, सौराष्ट्रात, आणि होळीला काही झालं तरी परत. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार नाहीतर काठीची राजवाडी होळी ज्यानं बघितली नाही त्यानं सातपुडा बघितला असं म्हणू नये, पण तोही वेगळा विषय.

मी तिथं जायचो ते माप बघायला. आणि बाजारात मापाचे प्रकार म्हणजे काय वर्णावे. आपल्याकडे १९५६ साली मेट्रिकचा कायदा झाला, १९५८ पासून किलोग्रॅम यायला लागला, शाळेत आपण पाठ केलं की शेर-मण-पायली गेली. कुठं गेली? धडगावला गेली. धान्य अजून डालड्याच्या जुन्या डब्यानं मोजलेलं मी बघितलंय, आणि त्यात गंमत अशी की व्यापारी घेताना डबा शीग लावून घेतो, वर डोंगर उभा राहील असा, आणि तोच माणूस देताना वरून हात फिरवून सपाट करून देतो. माप एकच, डबा एकच, खोटं काहीच नाही! वजनाच्या काट्यावर वेगळी तऱ्हा. हातातली तागडी असेल तर दांडीला पासंग, म्हणजे एका पारड्याखाली चिकटवलेली चिंच नाहीतर मेण. इलेक्ट्रॉनिक आला तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. कसलं सुटलो, आकड्याची पाटी व्यापाऱ्याकडं तोंड करून. आणि सगळ्यावर कडी म्हणजे कडता. माल ओला आहे, माल कचरट आहे, पोत्याचं वजन आहे म्हणून क्विंटलमागं काही किलो सरळ कापायचे, हा कडता. आमच्या कायद्यात काटा बसतो, कडता बसत नाही. काटा बरोबर असेल तर मी हात जोडून बाजूला, कापायचं तेवढं कापा.

आता आमचूर. तुमच्या चाटमसाल्यात जे आंबट लागतं ना, त्यातलं थोडंफार तिथूनही येतं. एप्रिल-मे मध्ये बांधावरच्या, उतारावरच्या गावरान झाडांच्या कैऱ्या. झाड कुणाचं ते ठरलेलं असतं, बापाकडून पोराकडं येतं. काठीला जाळी बांधून कैरी उतरवायची, अख्खं घर सोलायला बसतं, आजीपासून नातवापर्यंत, सालं काढायची, काप करायचे, खडकावर नाहीतर खाटेवर पसरायचे. बोटं काळी पडतात, चिकानं कातडी फाटते. चार-पाच कडक ऊन मिळाली की काप पांढरे खडखडीत, भाव चांगला. मधे एका रात्री वळवाचा शिंतोडा आला की काळे पडले, भाव अर्ध्यावर. आणि ओझंभर कैऱ्या सुकल्यावर उरतं टोपलीभर. म्हणजे त्या टोपलीतल्या प्रत्येक शंभर ग्रॅममागं किती हात लागलेत ते बघा, आणि मग त्यावर काटा मारला जातो.

अशाच एका मे महिन्यात मी बाजारात एका झाडाखाली उभा होतो, साध्या कपड्यात. एक म्हातारी आली, डोक्यावर आमचुराची टोपली. व्यापाऱ्यापुढं टोपली उतरवली, आणि ती काट्यावर न ठेवता कमरेची एक चिंधी सोडली. चिंधीत दगड. नदीतला, गुळगुळीत, काळा. तो दगड तिनं काट्यावर ठेवला. व्यापारी हसायला लागला. तिनं वाकून, पाटी तिकडं तोंड करून होती म्हणून अगदी मान वाकडी करून आकडा बघितला, दगड उचलला, चिंधीत बांधला, टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. एक शब्द नाही. पुढच्या व्यापाऱ्याकडं तेच. तिथं आकडा बघून टोपली उतरवली आणि माल विकला.

मी थक्क. माझ्या नोकरीत मी लोकांना सांगत आलो की ग्राहक जागा झाला पाहिजे, पत्रकं वाटली, जागतिक ग्राहक दिनाला भाषणं ठोकली, आणि इथं ही बाई स्वतःचं प्रमाण वजन कमरेला बांधून फिरतेय. मी गेलो, बरोबर धडगावचा एक पोरगा होता भाषेसाठी, विचारलं, आजी, हा दगड केवढा? ती म्हणाली, मिठाच्या पुड्याएवढा. मिठाचा पुडा, बंद, एक किलोचा! दोन टोपल्या काठीला बांधून एकीत पुडा, दुसरीत दगड, असे नदीतले दगड बदलून बदलून तिनं तो निवडला होता. तुम्हाला कळतंय का, आवेष्टित वस्तूंचे नियम आहेत, पुड्यावर छापलं तेवढं वजन आत असलंच पाहिजे, आमचंच खातं ते तपासतं, म्हणजे तिच्या दगडाची साखळी थेट आमच्या प्रमाण वजनापर्यंत येऊन भिडते. मी तो दगड माझ्या काट्यावर ठेवला. किलोला काही ग्रॅम वर. वर म्हणजे तिच्याच तोट्याचा, कारण खोटा काटासुद्धा तिला थोडा खरा वाटला असता. तेवढं मी तिला सांगितलं नाही.

आता कायद्यानं बघाल तर शिक्का नसलेलं वजन बाळगून ती बाजारात हिंडत होती. दगड जप्त करायला हवा होता! (हशा) मी पहिल्या व्यापाऱ्याकडं गेलो. काट्याची सीलची तार तुटलेली, आतून खेळ केलेला, किलोला शंभरभर ग्रॅम कमी दाखवत होता. तो म्हणाला, साहेब, उन्हानं झालं असेल. मी म्हटलं, बाबा, उन्हानं बिघडलेले काटे मी पुष्कळ बघितले, पण त्यातला एकही कधी समोरच्याच्या बाजूनं बिघडलेला बघितला नाही. केस केली, काटा उचलला.

इथं टाळ्या वाजवायची घाई करू नका. दुपारी दोन-चार माणसं माझ्याकडं आली, रागावलेली. म्हणाली, तुम्ही त्याचं दुकान बंद केलं, आता घेणारा एकच राहिला आणि त्यानं भाव पाडला. तो काटा मारायचा पण भाव वर द्यायचा, आम्हाला माहीत होतं तो किती मारतो. म्हणजे त्यांनी हिशेब धरलेलाच होता. माल परत न्यायचा तर पुन्हा ओझं, पुन्हा जीप, पुन्हा नाला, म्हणून पडेल त्या भावाला विकून गेली. त्या दिवशी माझा काटा बरोबर होता आणि बाजार त्यांना महाग पडला.

आणि इथूनच माझ्या डोक्यात किडा शिरला. पण त्याआधी माझं स्वतःचं एक दुःख सांगायचं राहिलंय, ते सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही. प्रवासभत्ता. इथं रिटायर लोक दिसतायत, तुम्हाला कळेल. मी धडगावच्या पलीकडं एका बाजाराच्या गावी गेलो, शिक्के मारायचा कॅम्प होता. तिकडं जायला जीप अर्ध्या वाटेपर्यंत, पुढं पाऊस झालेला, नाल्याला पाणी, चालत गेलो, बरोबर प्रमाण वजनांची पेटी, ती पितळी वजनं मखमलीच्या खाचांत असतात, पेटी दोन माणसांनी काठीला बांधून उचलली. परतताना नाला आणखी चढला, रात्री शाळेच्या खोलीत मुक्काम. बिल लावलं. कुठल्या कार्यालयात लावलं ते विचारू नका. बिल परत आलं, शेरा : 'तक्त्याप्रमाणे अंतर १८ कि.मी., मुक्कामाचे प्रयोजन काय?' मी सविस्तर लिहिलं, नाला, पाऊस, वगैरे. परत शेरा : 'पायी अंतराचा पुरावा जोडावा.' पायी अंतराचा पुरावा! मी काय बुटाचे तळवे जोडू? शेवटी सरपंचाचा दाखला आणला, त्याला जायला आणखी एक फेरी, त्या फेरीचं बिल मी लावलंच नाही, कारण तिथंही मुक्काम पडला. मग १८ किलोमीटरचे पैसे मंजूर झाले, मुक्काम नामंजूर. १८ किलोमीटरला मुक्काम लागत नाही म्हणे. बरोबर आहे, तक्त्यात नाला नसतो. चांदसैली घाटात दरड पडली की तळोद्याहून धडगाव नकाशावर तेवढंच जवळ राहतं आणि खरं बघाल तर शहाद्याकडून वळसा घालून दुसऱ्या गावाला गेल्यासारखं. झोळीतून बाळंतिणीला आणतात ते फोटो तुम्ही पेपरात बघता, त्या बातमीतही लिहिलेलं असतं, आरोग्य केंद्रापासून अवघ्या इतक्या किलोमीटरवर. अवघ्या!

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. (हशा) वीस म्हणालो होतो ना मी? असो. उपाय.

माझं म्हणणं एवढंच आहे, आयुष्यभर मोजमाप करून हात झिजवलेला माणूस म्हणून. आपण त्या पाड्याचं लांबपण चुकीच्या एककात मोजतो. रस्त्यापासून किती किलोमीटर, दवाखान्यापासून किती किलोमीटर, आणि त्यावर योजना आखतो. एकक पाहिजे खेप. म्हणजे एक काम पुरं व्हायला एका माणसाला घरून किती वेळा निघावं लागतं. तुमचं-माझं बँकेतलं काम अर्धवट राहिलं तर आपण उद्या जातो. त्याची खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, जीपचं भाडं गेलं, जेवण बाहेर, आणि सुगीत किंवा आमचुरात ती खेप पडली तर घरातले दोन हात कमी.

उदाहरण देतो. पाड्यावरच्या एका पोराला कॉलेजला जायचं, जातीचा दाखला हवा. बाप पहिल्या खेपेला गेला, साहेब मीटिंगला. दुसऱ्याला, फॉर्म ऑनलाइन भरून आणा. तिसऱ्याला सर्व्हर डाऊन. चौथ्याला, आधारवर नाव वेगळं, शाळेत वेगळं, कारण मास्तरनं आपल्या कानानं ऐकलं तसं लिहिलं. मग पडताळणीसाठी नंदुरबार, तिथं १९५० च्या आधीचा पुरावा द्या, आजोबाचा शाळेचा दाखला असेल तर बघा. आजोबा! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सगळ्यात कमी, आणि तुम्ही १९५० च्या आधी शाळेत गेलेला आजोबा मागता. त्या बापाच्या खेपा मोजणारं सरकारी रजिस्टर कुठंच नाही. शेवटी दाखला मिळाला की रजिस्टरला 'प्रकरण निकाली'. कितव्या खेपेत? माहीत नाही. रेशनचं तसंच. देशातलं पहिलं आधार कार्ड याच नंदुरबार जिल्ह्यात वाटलं, शहाद्याजवळ टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०, पंतप्रधान आले होते. आणि त्याच जिल्ह्यात वर डोंगरात आमचूर सोलून झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, उमटला तर रेंज नाही, मग दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर चढतो आणि मागं लाइन.

आणि खेप कमी करता येते, हे नुसतं माझं स्वप्नरंजन नाही. १९९५ पासून नवसंजीवन योजना आहे, पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवून ठेवायचं, ज्यानं हे पहिल्यांदा सुचवलं त्यानं मनात खेपाच मोजल्या असणार. नर्मदेच्या बुडितातल्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे, बोटीवर डॉक्टर, रोगी चालत जायच्या ऐवजी दवाखाना येतो. बिलगावला २००३ साली लोकांनी श्रमदान करून, केरळहून आलेल्या इंजिनिअर पोरांच्या मदतीनं १५ किलोवॅटचा पाण्यावर चालणारा वीज प्रकल्प उभा केला, वायरची वाट बघत बसले नाहीत. तो २००६ मध्ये पाण्याखाली गेला, पण तो दोष कल्पनेचा नाही. कार्यकर्त्यांनी जीवनशाळा काढल्या त्या पाड्यावरच, पोराला रोज नाला ओलांडायला लावला नाही.

हो, रस्ता. पहिल्या रांगेतले काका मघापासून बोटानं रस्ता रस्ता खुणावतायत. झालाच पाहिजे काका, पूलही झाले पाहिजेत, माझा विरोध नाही. पण रस्त्यानं खेपेचा वेळ वाचतो, खेपांची संख्या तीच राहते. साहेब मीटिंगला असेल तर तो डांबरी रस्त्यावरूनही मीटिंगलाच असतो.

दोन मिनिटं, संपवतोच. करायचं काय? एक, प्रत्येक अर्जावर एक चौकोन छापा, 'हे काम कितव्या खेपेत झाले', आणि तो कारकुनानं नाही, अर्जदारानं भरायचा, अंगठा चालेल. वर्षाच्या शेवटी बेरीज करा, कुठलं टेबल माणसाला किती हिंडवतं ते कळेल. दुसरं, आणि हे माझं खरं म्हणणं, माणूस आठवड्यात एक खेप करतोच, कुणी न सांगता करतो, बाजाराची. मग तलाठी, ग्रामसेवक, बँकेचा माणूस, दाखल्यांचं टेबल, लसीची पेटी, आणि हो, आमचा शिक्क्यांचा काटा, हे सगळं बाजाराच्या दिवशी बाजारातच मांडा. एका झाडाखाली. आमचूर विकलं, मीठ घेतलं, दाखला घेतला, घरी. यात नवीन इमारत नको, नवीन पद नको, जीआर फार तर एक पान. आणि बाजारात एक खरा काटा टांगून ठेवा, कुणीही येऊन आपला माल आधी फुकट तोलून बघावा, मग व्यापाऱ्याकडं जावं. दगडाची गरज उरणार नाही.

हे मी नोकरीत असताना एका बाजाराच्या गावी, तिथल्या एका कार्यालयात बसलेल्या गृहस्थांना सुचवलं होतं. भला माणूस, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, साहेब, कल्पना चांगली आहे, पण बाजाराच्या दिवशी आम्ही लोकांना बोलवतच नाही, फार गर्दी होते, काम होत नाही. मी विचारलं, मग कधी बोलावता? म्हणाला, मंगळवारी. मंगळवारी इथं कुणीच नसतं.